प्रधानाचा पेला

पुढारी ओळखायचा असेल तर त्याची भाषणं ऐकू नका, त्याला एकदा नाटकात राजा करा आणि विंगेत उभं राहून बघा. मी बघितलाय. आमच्या मावळातल्या एका पुढाऱ्याचे फ्लेक्स लोणावळ्याच्या चौकापासून मळवलीच्या फाटकापर्यंत लागलेले असतात. त्याची मी वर्षानुवर्षं राणी होते. नाटकातली हो! उगाच भुवया उडवू नका.

मी तळेगावची. एरवी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं आणि चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव राणी व्हायचं, असं माझं आयुष्य गेलं. गावच्या नाटकात पुरुषांची कामं गावचीच माणसं करतात. घरच्या बायकांनी मात्र तोंडाला रंग लावून उभं राहायचं नाही, म्हणून बाई बाहेरून आणतात. ती बाहेरची बाई मी. साडी माझी, दागिने भाड्याचे आणि तोंड स्वतःचं, ते मी कुणासमोर बंद ठेवलेलं नाही.

मळवलीच्या पलीकडच्या एका गावात दर जत्रेला एकच नाटक होतं. कुणा जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. राजा, राणी, प्रधान, फितूर मेहुणा, सगळा जुना मालमसाला. शेवटच्या अंकात राजाला प्रधानाचा संशय येतो. तो राणीच्या हातून विषाचा पेला पाठवतो आणि म्हणतो, निष्ठा असेल तर पी. प्रधान एका दमात पितो. मग कळतं की पेल्यात नुसतं सरबत होतं, ती परीक्षा होती. राजा त्याला उठवतो, मिठी मारतो आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवतो. बायका डोळे पुसतात आणि पडदा पडतो.

राजा म्हणजे हा पुढारी. सगळे त्याला भाऊ म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो लोकांना जमिनी दाखवत फिरायचा. मग मुंबईवाल्यांचे बंगले उठले तसा तोही उठला. नट म्हणून काडीचा नाही, पाठांतराच्या नावानं तर बोंबच. पण वाक्य विसरला तर गडबडायचा नाही. कपाळाला हात लावायचा, लांब कुठंतरी बघायचा आणि गप्प राहायचा. लोकांना वाटायचं, राजाला दुःख आवरेना. इकडं अख्खं गाव हुंदके देतंय आणि तिकडं विंगेतून प्रॉम्प्टर घसा फोडतोय!

पुढं एकदा लोणावळ्यात त्याच्या एका कार्यकर्त्याची शोकसभा होती. भाऊ माइकपुढं आला, "आपला..." एवढंच म्हणाला आणि त्याचा हात कपाळाला गेला. सभा रडली, मेलेल्याची आई रडली. मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हटलं, अरे मेल्या, तुला त्याचं नाव आठवत नाहीये! शेवटी कुणीतरी त्याच्या कानाला लागलं तेव्हा भाषण पुढं सरकलं.

आता प्रधान. हा गावातलाच शेतकरी, भातखाचरं होती, घरात बायको आणि म्हातारी. भाऊच्या मागं इतकी वर्षं सावलीसारखा होता. बॅनर बांधायला हा, पोरं गोळा करायला हा, भाऊच्या फार्महाऊसला रस्ता हवा तर स्वतःच्या खाचराचा बांध फोडून देणाराही हाच. मी त्याला प्रधानच म्हणायचे. त्याचं खरं नाव गावातही फारसं कुणी घेत नसे.

पेल्याची गंमत अशी. सरबत स्वतः भाऊ भरायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या वर्षी त्यानं त्यात मूठभर मीठ घातलं. पुढच्या वर्षी मिरचीपूड. मग कडुलिंबाचा रस, एकदा एरंडेल, एकदा तर देवा, लसणाचं पाणी. तबकात पेला घेऊन मला जावं लागायचं, वासानंच माझं नाक झिणझिणायचं. आणि प्रधान? एका दमात! डोळ्यांतून पाणी वाहायचं, गळ्याची शीर तट्ट फुगायची, पण तोंड वाकडं नाही, एक थेंब सांडला नाही. प्रेक्षक म्हणायचे, काय काम करतो हा माणूस. विंगेतले सगळे तोंडात रुमाल, उपरणं, मिळेल ते कोंबून हसायचे. मीही हसायचे. राजा तर पाठमोरा होऊन खांदे हलवायचा आणि लोकांना वाटायचं की राजा गदगदलाय.

एरंडेलाच्या वर्षी मी प्रधानाला म्हटलं, "अरे, माणूस आहेस की गटार? एकदा तरी थुंक त्याच्या अंगावर!"

तो चूळ भरत होता. म्हणाला, "मावशी, भाऊ दुसऱ्या कुनाच्या पेल्यात घालतो का? आपलं मानूस हाय म्हनून घालतो."

मी त्याच्या हातात पाण्याचा आणखी एक तांब्या दिला.

गेल्या वर्षी पंचायत समितीच्या निवडणुकीचं वारं सुटलं. आपल्या गटाचं तिकीट प्रधानाला देणार, असं भाऊनं देवळात चार लोकांत बोलून ठेवलं होतं. वर म्हणाला होता, यंदाची पगडी नाटकातली नाही, खरी. जत्रेत स्टेजवरच जाहीर करायचं ठरलं. झालं, प्रधानाचे पाय जमिनीला लागेनात. त्यानं पांढरा शर्ट शिवून घेतला. बायकोनं माहेरच्या माणसांना आवतण धाडलं. भेटेल त्याला सांगायचा, "आमच्यासाठी न्हाई वो, गावासाठी." पण चेहऱ्यावरून ओसंडून वाहत होतं सगळं. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि त्याला ती इतकी हवी होती की मला बघवत नसे.

तालमी देवळाच्या सभामंडपात. भाऊ यायचा तो दोन गाड्या आणि फोनला चिकटलेला कान घेऊन. दरबार झाला, मेहुण्याचा प्रवेश झाला, पेल्याचाही झाला. पण पगडीपाशी आलो की म्हणायचा, "राणीसाहेब, ते राहू द्या. ते आपलं तोंडपाठ आहे." एकदा नाही, प्रत्येक तालमीला. ज्या माणसाला स्वतःच्या एन्ट्रीचं वाक्य आठवत नाही, त्याला हेच तेवढं तोंडपाठ!

मी प्रधानाला बाजूला घेतलं. गोड बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "तुझं काही खरं नाही बघ. नट जो प्रवेश तालमीत टाळतो, तो त्याला करायचा नसतो, नाहीतर भलताच करायचा असतो. तुझ्या तोंडाला पानं पुसणार तो."

तो हसला. "मावशी, तुमी रानी हायसा. तुमाला राजकारन न्हाई कळायचं."

"राजकारण गेलं चुलीत. मला नट कळतो."

"भाऊनं देवासमोर सांगितलंय."

"देव कुठं मतदार यादीत आहे, त्याला घाबरायला?"

तो जरा दुखावला, पण नवीन शर्टाची घडी सारखी करत निघून गेला.

जत्रेचा दिवस उजाडला. आता लाउडस्पीकर लवकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहतं. पुढं सोफे टाकलेले, त्यावर पाहुणे. मधल्या सोफ्यावर भाऊचा भाचा बसला होता. पुण्यात राहणारा, गावात फक्त प्लॉट दाखवायला येणारा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता. गावच्या नाटकाला हा कधी फिरकला नव्हता. मी पडद्याच्या फटीतून त्याला पाहिलं आणि तालमीत टाळलेला प्रवेश आठवला. बायकांत प्रधानाची बायको माहेरच्या माणसांना घेऊन बसली होती. ती मला फटीतून दिसली, हात हलवत होती.

शेवटचा अंक आला. भाऊनं पेला भरून तबकात ठेवला. मी उचलला, सवयीनं श्वास रोखला, आणि मग सोडला. वास गुलाबाचा. मिरची नाही, कडुलिंब नाही, काही नाही. निव्वळ गुलाबाचं गार सरबत, वर सब्जा तरंगत होता. मी भाऊकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता, फोन बघत होता.

मी तबक घेऊन स्टेजवर गेले. प्रधान गुडघ्यावर होता. त्यानं पेला घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले, अंग आवळलं आणि तोंडाला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मध्येच थांबला. डोळे उघडून पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माणसाचा असा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. मिरची पिताना जो माणूस दगड असायचा, तो सरबतानं थरथरायला लागला. त्याला त्या घोटात सगळं कळलं होतं. आपली परीक्षा घ्यायचीही आता भाऊला गरज उरली नाही.

उरलेलं त्यानं पिऊन टाकलं. सांडलं नाही.

राजानं पगडी काढली. प्रधानानं मान पुढं केली. भाऊ त्याला वळसा घालून सरळ स्टेजच्या टोकाला गेला, माइक मागवला आणि म्हणाला, "ही पगडी आता तरण्या डोक्यावर शोभते." भाचा सोफ्यावरून उठलाच होता, जणू त्याचीच एन्ट्री होती. पगडी त्याच्या डोक्यावर बसली आणि त्याच क्षणी स्टेजमागं फटाक्यांची माळ लागली. म्हणजे माळ आधीच तयार, काडी लावणाराही तयार. तालीम झाली होती तर! आम्हाला वगळून झाली होती, एवढंच.

प्रधान अजून गुडघ्यावरच होता. आणि विंगेत आमचा प्रॉम्प्टर, पुस्तकाबाहेर काही न दिसणारा, बिचारा आपलं काम करत होता. पगडीनंतरचं वाक्य प्रधानाचं. तो दबक्या आवाजात सांगत राहिला, "या मस्तकाचं आज सोनं झालं, महाराज." पुन्हा, जरा मोठ्यानं, "या मस्तकाचं आज सोनं झालं..." सोफ्यावरच्या पाहुण्यांना ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं. मी दात ओठ खात होते, जा की रे मुकाट्यानं आत, उठ की!

तो उठला नाही. बोडक्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या मस्तकाचं आज सोनं झालं, महाराज."

टाळ्या पडल्या. अशा पडल्या की काय सांगू! लोकांना वाटलं, आधीच ठरलेलं असेल, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. भाऊनं कपाळाला हात लावला आणि लांब बघितलं. या वेळी तो काही विसरला नव्हता. बायकांत प्रधानाची बायको उभी राहिली होती, माहेरची माणसं तिला विचारत होती की काय झालं.

रंग पुसताना मी भाऊला तोंडावर म्हटलं, "भाऊ, निदान मिरची तरी घालायची होती."

तो हसला. "राणीसाहेब, तुम्ही म्हणजे ना!" म्हणत पाकीट हातावर ठेवून गेला. पुढच्या वर्षापासून त्यांनी राणी पिंपरीहून आणायची ठरवली, म्हणजे माझाही निकाल लागला.

निवडणूक झाली. भाचा निवडून आला. त्याचे बॅनर बांधायला प्रधानच होता, मी जाता-येता शिडीवर पाहिला. हाक मारली नाही. मारली असती तर शिव्याच दिल्या असत्या.

मग दिवाळीनंतर तो माझ्या दुकानात आला. गर्दी होती, सहलीची बस थांबलेली. बाजूला उभा राहिला. गर्दी ओसरल्यावर मी म्हटलं, "बोल. आता कशाला आलायस? पुढच्या तिकिटाचं वचन मिळालं वाटतं?"

"न्हाई मावशी. ते गेलं." त्यानं काउंटरवरचा चिक्कीचा चुरा बोटानं गोळा केला. "एक काम हुतं. तुमी आता रानी नसला तरी भाऊ तुमचं ऐकतो जरा. यंदा जत्रंला प्रधान भाच्याला देनार म्हनं. लोकांत नाव व्हावं म्हनून."

"मग?"

"भाऊला सांगा, तेवढं काम माज्याकडंच ऱ्हाऊ दे. पेल्यात काय बी घाल म्हनावं. मिरची घाल, एरंडेल घाल. मी पितो."

माझं डोकं फिरलं. गल्ला आपटून बंद केला. इतकं झाल्यावर हा माणूस पेला मागायला येतो! म्हटलं, "लाज वाटत नाही? पिऊ दे की आता भाच्याला. बघू दे भाऊला, त्याच्या रक्ताच्या माणसाला मिरची किती पचते ते!"

चेष्टा प्रधानाला कळलीच नाही. मग मान हलवून, खरोखर काळजीच्या आवाजात म्हणाला, "न्हाई पचायची वो मावशी. थुकंल त्यो. चार लोकांत भाऊची अब्रू जाईल."