हरण्याचं आवतन

रत्नमाला खरातच्या फाटकापाशी शहरातली माणसं गाडी थांबवून विचारतात, ही गोशाळा हाये का. ती सांगते, गाई हायेत, पण गाढवं बी हायेत, लंगडी कुत्री हायेत, एक घोडी हाये. गाढव म्हटलं की माणसं जरा मागं सरकतात अन् खिशाकडं गेलेला हात खाली येतो. मी टेम्पोत बसून हे लईदा बघितलंय अन् दरवेळी माझं डोकं फिरतं. तिचं फिरत नाय. ती म्हणते, कडुबा, आधी पाला उतरव, तोंड मग वाकडं कर.

कडुबा म्हंजे मी. बिडकीनच्या अलीकडं आमचं गाव, अन् माझा एक खटारा टेम्पो. पहाटं गावातला माल संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटात टाकायचा अन् येताना तिथं पडलेला कोबीचा पाला, मुळ्याची पानं, मऊ पडलेली गाजरं भरून रत्नमालाच्या दारात ओतायची, हा माझा रिवाज. तुला यात काय मिळतं, असं लोक विचारतात. दुसऱ्याला काय मिळतं याची लोकांना लई काळजी.

जागा तिच्या बापाची. सखाराम खरात जन्मभर ठोंबऱ्यांच्या घरी सालदार होता, म्हंजे वर्षाच्या बोलीनं राबायचं, बैलांच्या आधी उठायचं अन् बैलांच्या नंतर झोपायचं. स्वतःचं म्हणून त्यानं गायरानातला एक तुकडा दगडं वेचून वेचून वहितीला आणला. तो गेल्यावर रत्नमालानं तिथं कपाशी लावली, नवरा वारल्यावर एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी बी घासली. त्याच सुमाराला आमच्या भागातल्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, घरोघरी पैसा आला, अन् गोठे पाडून तिथं गाड्या उभ्या राहिल्या. गोठ्यातल्यांनी कुठं जायचं, हे कोणी विचारलं नाय. ते रस्त्यावर आले.

पहिली एक गाय आली. पोट फुगून टम्म, आत नुसतं प्लास्टिक. ती वाचली नाय. रत्नमाला तिच्या उशाला बसून रडली नाय, गावाला शिव्या देत होती, एकेका घराचं नाव घेऊन. मग तिनं कॅन्टीन सोडलं अन् कपाशीच्या जागी पत्र्याचं शेड घातलं. वरातीची घोडी आली, एका डोळ्यानं आंधळी; रस्त्यानं बँड गेला की ती अजून जागच्या जागी पाय उचलते. वीटभट्टीवरची गाढवं आली, पाठी सोललेली. पैठण रोडला उडवलेली कुत्री तर मीच आणून टाकतो.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, केवढं पुण्याचं काम. पुण्य कसलं डोंबलाचं, शेण हाये शेण. सकाळी शेण, मग पाणी, मग जखमा. जखमेत किडे पडले की टर्पेंटाईनचा बोळा आत घालायचा अन् एकेक किडा चिमट्यानं बाहेर काढायचा, तोवर जनावर लाथा झाडत राहणार. कुत्री भुंकली की शेजारी भांडायला येणार, वारा गावाकडं वाहिला की ग्रामसभेत वासाचा विषय निघणार. एकदा एक गुरुजी तिथं उभं राहून म्हणाले, माणसांना खायला नाय अन् ही बया गाढवं पोसते. ती म्हणाली, गुरुजी, तुमी माणसं पोसा, मी कुठं आडवी आले? गुरुजींनी पोसलेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाय.

तिचा एक नेम मात्र पक्का. वाढायचं तर सगळ्यांना एकदम, ओळीनं, अन् दुबळ्यापासून सुरुवात. अमावस्येला बायका गाईपुरता घास घेऊन येतात, त्यांना ती फाटकातूनच माघारी लावते. एकाच्या तोंडात घास गेलेला दिसला की दांडगी जनावरं धावतात अन् तीन पायांची तुडवली जातात, हे तिनं भोगलंय. बायका म्हणतात, लई ताठा हाये तिला. व्हय, हाये. असू द्या की.

आता हरण्याचं सांगतो. लाल कंधारी बैल, ठोंबऱ्यांच्या घरच्याच गाईचा. मागच्या उन्हाळ्यात पहाटंचा कोणीतरी फाटकाला बांधून गेलं. कोणीतरी कशाला म्हणायचं, ठोंबऱ्यांचा कासरा मला ओळखू येतो. घरात ट्रॅक्टर आल्यावर बी त्या म्हाताऱ्याला पाण्याच्या गाड्याला जुंपत होते. जू घासून घासून त्याचा खांदा आला होता, म्हंजे खांद्यावर ही तळहाताएवढी जखम, अन् तिच्यात किडे वळवळत होते. हा वासरू असल्यापासून सखारामनं वाढवलेला. रत्नमालानं त्याला बघितलं अन् बादली भरून घेतली. सगळा उन्हाळा तिनं तो खांदा धुतला. पावसाळा लागला तेव्हा कुठं वर कातडी धरली.

अन् मग पोळा आला.

आमच्या गावात पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात अन् पहिला बैल ठोंबऱ्यांचा जातो. तो मानाचा बैल. तो गेल्याशिवाय बाकीच्यांनी पाय उचलायचा नाय. हरण्या म्हातारा दिसतो म्हणून मागची दोन वर्षं विश्वजीत ठोंबऱ्यानं दुसऱ्या गावचे बैल भाड्यानं आणून मान भागवला. औंदा गाव अडून बसलं. म्हणाले, मान घरच्या बैलाचा असतो, भाड्याचा बैल मागून येईल. आता घरचा म्हणावा असा जगात एकच बैल राहिलेला, तो गायरानात रत्नमालाच्या शेडात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी विश्वजीतचा मला फोन आला. उद्या तोरण झालं की टेम्पो तयार ठेव म्हणाला, बैल वैजापूरच्या बाजूला एका व्यापाऱ्याला पोचवायचाय. मी म्हटलं, अरे, मान मिळवून देणारा बैल विकायचा? तर म्हणतो कसा, ठोंबऱ्याचा बैल त्या बाईच्या दारात खातो म्हणून गाव हसतंय, एकदाचं ते मिटवून टाकतो. व्यापाऱ्याकडं गेलेल्या म्हाताऱ्या बैलाचं पुढं काय होतं, ते मला विचारू नका. मी त्याला सांगितलं, माझ्या टेम्पोत भाजी जाते, दुसरा बघ. अन् तसाच गायरानात गेलो.

रत्नमाला शेडात खांदमळण करत होती. ज्यांना माहीत नसंल त्यांच्यासाठी सांगतो, पोळ्याच्या आदल्या सांजंला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात अन् त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. माणसाला देतात तसंच, तोंडानं बोलून. ठोंबऱ्यांच्या बैलांचे खांदे जन्मभर सखारामनं मळले. लेक विहारात जाणारी, तिला पोळ्याचं काय पडलेलं नाय. मी एकदा हटकलं तर म्हणाली होती, सण कोणाचा का असंना, खांदा तर ह्याचा हाये. बैलांचं झालं की ती गाढवांच्या पाठी बी चोळते. त्या दिवशी हरण्याच्या नव्या कातडीवर तिची बोटं लई हळू फिरत होती. मी सगळं सांगितलं, तरी हात थांबला नाय. शेवटी ती त्याच्या कानापाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मग माझ्याकडं वळून विचारलं, ठोंबऱ्यांकडून आज कोणी आलं होतं का खांदा मळायला? मी म्हटलं, त्यांच्याकडं आता कोणाला माहीत हाये? ती म्हणाली, मग झालं.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत आला तो वाजत-गाजत. आरशांची झूल, शिंगांना बेगड, हलगीवाला, मागं त्याची गाडी अन् चार पोरं. फाटक उघड म्हणाला. नुसतं तेवढंच. रत्नमाला आतून कडीला हात लावून उभी राहिली. ती त्याच्याहून मोठी, पण सालदाराची पोर, म्हणून तो तिला अजून रत्ने म्हणतो. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"रत्ने, तोरण थांबलंय. बैल सोड."

"नाय सोडत. त्यानं काल हितलं आवतन घेतलंय. तो हितं जेवणार."

पोरं हसली. हलगीवाला मात्र हसला नाय, तो वयानं मोठा होता, त्यानं हलगी खाली केली. विश्वजीत म्हणाला, हे असलं काय आमाला सांगू नकोस, बैल आमचा हाये, पोलीस आणतो. ती म्हणाली, आण, अन् त्यांना खांदा बी दाखव, कोणी केला ते सांग. त्यानं फाटकाला लाथ घातली. आतली सगळी कुत्री एकदम उठली तशी पोरं रस्त्याच्या पलीकडं गेली. मी टेम्पो फाटकाला आडवा लावला अन् किल्ली खिशात घातली. मला बी घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू. त्या माणसाच्या शब्दावर माझा अर्धा धंदा चालतो.

उन्हं कलायला लागली. तिकडं वेशीत लोक बैल धरून ताटकळले होते. विश्वजीत फोनवर फोन करत होता. अन् मग गावाकडून एक म्हातारी येताना दिसली, हातात पुरणपोळीचं ताट, त्यावर फडकं. ती त्याची आई, द्वारकाबाई. बैल जेवल्याशिवाय त्या घरच्या मालकिणीनं पोळ्याला अन्नाला शिवायचं नाय, अशी रीत. म्हातारी सकाळपासून उपाशी होती अन् बैल का येईना म्हणून चालत निघाली होती. आल्या आल्या तिनं रत्नमालाला दटावलं. सखारामनं आमचं मीठ खाल्लं अन् तू आमची अब्रू वेशीला टांगतेस, म्हणाली.

रत्नमालानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "द्वारकाकाकू, काल ह्याला आवतन कोणी दिलं?"

"विश्वजीतनं. काल सांजंला इथं येऊन गेला की. मीच लोणी काढून दिलं."

विश्वजीत फोनमध्ये बघत राहिला. म्हातारी लेकाकडं बघत होती, अन् त्यानं मान वर केली नाय तेव्हा तिला कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात रत्नमालानं दुसरी गोष्ट बी सांगून टाकली, की तोरण झाल्यावर हरण्या व्यापाऱ्याकडं जाणार होता. मला विचारलं, खरं हाये ना कडुबा? मी म्हटलं, खरं हाये. माझा आवाज जरा चढलाच.

द्वारकाबाईनं ताटावरचं फडकं नीट केलं. मग लेकाला म्हणाली, "जेवायला बोलावलेलं जित्राब ताटावरनं उठवायचं नसतं. एवढं तरी शिकवलं होतं मी तुला." अन् रत्नमालाला फाटक उघडायला सांगितलं.

फाटक उघडलं. म्हातारी ताट घेऊन सरळ हरण्याकडं निघाली, तर रत्नमालानं तिला बी आडवलं. मला वाटलं, आता हिनं अती केलं. पण तिचा नेम तो नेम. इथं एकट्याला वाढत नाय म्हणाली, वाढायचं तर पंगतीला वाढा, अन् सुरुवात तिकडनं. तिकडं तीन पायांची कुत्री होती, त्यांच्या पुढं गाढवं. ठोंबऱ्यांची मालकीण गाढवाला पुरणपोळी घालणार, हे बघायला पोरं परत अलीकडं आली. म्हातारीनं पदर खोचला, पोळीचे बारके बारके तुकडे केले अन् वाढत गेली. घोडीपाशी घाबरली, पण वाढलं. हरण्यापाशी पोचली तेव्हा ताटात एकच घास उरला होता. तो त्यानं जिभेनं ओढून घेतला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जखमेचा वण बोटांना लागला तसा काढून घेतला. रडली. मला तिची कीव आली अन् राग बी आला. उन्हाळ्यात कुठं होतीस माय, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

तिनं विचारलं, आता तरी घरी न्यायचा का? रत्नमाला म्हणाली, नाय. तुमच्याकडं दावण राहिलीय कुठं, तिथं गाडी उभी असते.

म्हातारी म्हणाली, खरं हाये.

तेवढ्यात वेशीकडून वाजंत्रीचा आवाज आला. ठोंबऱ्यांची वाट बघणं गावानं सोडलं होतं. दुसऱ्याच कोणाचा बैल तोरणाखालनं पहिला गेला होता. घोडी जागच्या जागी पाय उचलायला लागली. रत्नमाला घरात गेली अन् वरण-भाताचं ताट घेऊन आली. सखाराम त्या घरात जन्मभर गोठ्याशी बसून जेवला, त्याची जर्मनची ताटली वेगळी, ती गोठ्यातच खुंटीला असायची; हे आम्हा सगळ्या गावाला माहीत हाये. रत्नमालानं त्यातलं काय बी काढलं नाय. शेडात पोतं अंथरलं, ताट ठेवलं अन् म्हणाली, "बैल जेवला. आता बसा काकू." खाणार का, असं विचारलं नाय. द्वारकाबाई बसली. ताटाकडं बघितलं, मग भात कालवला अन् खायला लागली.

फाटकाबाहेर विश्वजीतनं गाडी चालू केली, हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. मग काच खाली करून ओरडला की हे गायरान हाये, तुझ्या बापाचं नाय, बघतोच किती दिवस टिकतं.

रत्नमाला शेडातनं बाहेर आली नाय. तिथूनच म्हणाली, "बघ की. पण आवाज खाली कर, तुझी आई जेवतेय."

अन् ती आणखी भात आणायला आत गेली.