झोपलेला गहू

माझी लेक झोपत नाही, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. लहानपणी ती हातात घास धरून ताटावरच पेंगायची. तिचे बाबा तिला कुंभकर्णाची धाकटी बहीण म्हणायचे. आता सुट्टीला घरी आली की पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते.

ती सरकारी प्रयोगशाळेत बियाणं तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवले ते बघायचं. मी एकदा तिची ती खोली पाहिली आहे. पांढऱ्या फरशा, घामेजलेल्या काचा, आणि माती कुठेच नसताना भिजल्या मातीचा वास. तिथे सगळे हळू बोलतात, पाळण्यात कुणी निजलं असावं तसे.

यंदा सरकारने गव्हाचा पेरा वाढवायचं मनावर घेतलं. पडीक जमीन नांगरा, बियाणं निम्म्या किमतीत देतो. हे गावोगाव सांगायला लेकीलाच पाठवलं. तिच्या शब्दावर लोकांनी पार टेकडीपर्यंतची रानं नांगरून ठेवली. मग बियाण्याची पोती आली, आणि नेमका तिच्याच तपासणीत गहू उगवेना.

"बाई, बी मेलंय," साहेब म्हणाले. "परत पाठवू."

"मेलं नाही साहेब, झोपलंय. यंदा कापणी उशिरा झाली, दाणा ताजा आहे. थोडे दिवस थंडीत ठेवून उबेत आणला की जागा होतो. फेरतपासणी लावलीय, निकालापर्यंत थांबा."

सगळं ऑफिस हसलं. बाहेर बाकावर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "पोरी, बी झोपलंय का तुमचं खातं झोपलंय, ते एकदा ठरवा."

हे सगळं तिने मला हसत हसत सांगायला घेतलं आणि मध्येच रडू लागली. दुसरं बियाणं येईपर्यंत पेरणीची वेळ टळणार. नांगरलेली रानं तशीच उघडी पडणार, तिच्या शब्दापायी.

त्याच पोत्यातला मूठभर गहू ती ओल्या फडक्यात बांधून माझ्याकडे ठेवून गेली. आधी फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे. मग तिने सांगितल्या दिवशी मी ते ओट्याच्या कोपऱ्यात आणलं, उबेला.

"आई, खाऊन टाकू नकोस हं."

"मी काय चिमणी आहे?"

तेव्हापासून मी त्या फडक्यावर पाणी शिंपडते आणि उगाचच त्याच्याजवळून पाय न वाजवता जाते. काल दुपारी डोळा लागला तर स्वप्नात ती रानं दिसली. नांगराच्या तासांची गोधडी पांघरून सगळी गाढ झोपलेली. माझी लेक चपला हातात घेऊन त्यांच्यामधून चालत होती आणि एकेकाच्या कानाशी वाकून म्हणत होती, "उठा ना."

आज संध्याकाळी तिचा फोन आला. फेरतपासणीच्या गुंडाळ्या उलगडायला अजून वेळ आहे, पण साहेब थांबायला तयार नाहीत. सकाळी ट्रक येऊन पोती उचलणार. "जाऊ दे आई, आता माझेच डोळे..." म्हणता म्हणता ती झोपली. फोन तसाच चालू होता. कितीतरी वेळ मी तिचा श्वास ऐकत बसले. बरं वाटलं. सगळं बुडालं तरी चालेल, पण हिला झोप लागली, असंही वाटून गेलं.

आत्ता पाणी प्यायला उठले, तर ओट्यावरचं फडकं जरा फुगल्यासारखं दिसलं. सोडून बघितलं. जवळजवळ प्रत्येक दाण्याच्या टोकाशी पांढरं, बाळाच्या नखाएवढं काहीतरी बाहेर डोकावत होतं.

झोपलेल्या लेकराला उठवू नये, हे मी आयुष्यभर पाळलं. दार वाजवणाऱ्यांना परत पाठवलं, कुकरची शिट्टी काढून ठेवली. पण सकाळी तिला कळवलं काय आणि नाही काय, तोवर ट्रक निघालेला असेल. हे फडकं तिला दिसलं पाहिजे. ती पहाटेच्या गाडीने येऊन घेऊन जाईल, नाहीतर मीच निघेन. साहेबांसमोर ते उलगडून ती एवढंच म्हणेल, माझ्या गुंडाळ्या उघडेपर्यंत थांबा.

चिडेल. चिडू दे. फोन लावते.