उसाच्या मुळीचं माप

आंबलेल्या उसाचा वास आला की लग्नाआधीची एक दुपार आठवते. माहेरी, अंथुर्ण्याला, आमच्या पडवीत शेतकी खात्याचा माणूस उतरला होता. उसाच्या मुळीतली एकच जिवंत पेशी किती वाढते, ते तो सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून मोजायचा. वाढत्या जिवाला मापू नये, अशी आमच्यात समजूत. फडातला ऊस लाल पडून कुजला, तेव्हा चुलते कोयता घेऊन आले. “वाढत्याला माप लावतोस व्हय रं? माझा ऊस खाल्लास!” “तात्या, बघा तरी, ही मुळी अजून वाढतीय,” तो म्हणाला. चुलत्यांनी कोयत्याच्या पाठीनं त्याची बोटं ठेचली आणि भिंग फोडलं. रक्ताळल्या हातानं तो बारामतीला निघून गेला. पुढच्या साली ऊस पुन्हा कुजला. मोजणारा नव्हता, म्हणून चुलत्यांनी चुलतीला झोडपलं. चुलते मेले तेव्हा मी रडले नाही. आजही त्यांच्यासाठी रडणार नाही.