पप्पांच्या नावाची मिस्सा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – फादरांसमोर कन्फेशनलाही नाही. कन्फेशनला पश्चात्ताप लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. मग खोटं कशाला बोलायचं?

पप्पा वारले तशी आई माझ्याकडे कामोठ्याला राहायला आली. तिला एकच घोर – ते पर्गेटरीत किती काळ काढणार? आम्हा कॅथलिकांत मानतात, की मेल्यावर काही आत्म्यांना थोडा काळ शिक्षा भोगावी लागते, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांच्या नावाने मिस्सा सांगितली, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत फादरांकडून नाव वाचून घेतलं, की ती लवकर सरते. माझे मिस्टर प्रोटेस्टंट. ते म्हणायचे, असलं मधलं काही नसतं. एक तर स्वर्ग, नाहीतर नरक. जेवताना दोघांची जुंपायची. मी आपली पोळ्या वाढत राहायचे.

आईचे गुडघे गेलेले. म्हणून दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती मलाच चर्चमध्ये नावं द्यायला पाठवायची – पप्पांचं, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, लीनाचं. मी जायचे. लीनाचं नाव द्यायचे. पप्पांचं – नाही. घरी येऊन सांगायचे, दोन्ही वाचली गं. एकदा नाही, आई होती तोवर, दर वर्षी.

का? लीना सासरचा मार खाऊन, बॅग घेऊन तुर्भ्याला आमच्या दारात आली होती. पप्पांनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतूनच म्हणाले, "देवानं जोडलंय, ते तोडायचं नाय. परत जा." ती गेली. त्याच वर्षी सासरी मेली.

तुम्हाला वाटेल, नवऱ्यासारखं मलाही पर्गेटरी थोतांड वाटत असेल. तसं असतं तर नाव द्यायला माझं काय जात होतं? नाही – माझा विश्वास होता, अगदी आईइतकाच. म्हणूनच दिलं नाही. शिक्षा कधीतरी संपते, हे मला मान्य आहे. ती माझ्या हाताने कमी व्हायला नको होती, इतकंच.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या दुखण्यात तिने विचारलं, "सुटले असतील ना गं ते आता?" मी म्हटलं, "कधीच सुटले." ती समाधानाने डोळे मिटून पडून राहिली. तेवढ्या एका क्षणाचं मला वाईट वाटतं, तेही आईसाठी.

यंदा मी आईचं नाव दिलं, लीनाचं दिलं. आणि वडील, असं फादरांनी विचारलं. दोनच, म्हटलं.

आणखी एक राहिलं. लीना आली त्या दिवशी मी माहेरीच होते – पप्पांच्या मागे उभी. हात पुढे केला असता तर साखळी निघाली असती. केला नाही. माझ्या मुलीला मी बजावून ठेवलंय, मी गेल्यावर माझं नाव द्यायचं नाही. का, ते तिला सांगितलेलं नाही.