पिशवी फुटते की झिरपते

माझी भाची औषधशास्त्रात पीएचडी करते आणि राहते आमच्याकडे, प्रताप नगरला. घरात आम्ही दोघं म्हातारे, म्हणून भाषणाची तालीम ऐकायला तिला हक्काचे श्रोते मिळाले. मी शाळा सातवीत सोडलेली, पुढचं सारं आपलं वाचून वाचून. पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "समजलं नाही तर मी मान हलवणार नाही हं, उगाच."

विषय असा. पेशीत नवं जनुक न्यायचं तर ते उघडं नेता येत नाही, वाटेतच तुकडे होतात. मग पॉलिमर म्हणून एक लांबलचक रेणू असतो, त्यात ते गुंडाळायचं. पेशी हे गाठोडं गिळते, पण स्वतःच्याच कातडीची एवढीशी पिशवी करून त्यात बंद करते. आणि ती पिशवी आंबट होत जाते, आतलं पचवून टाकायला.

"म्हणजे गेलंच ना वं ते!" मी म्हटलं.

"वेळेत पिशवीतून सुटलं तर कामाचं, मावशी. नाही तर गेलंच."

ह्यांची सारी नोकरी वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये झाली. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माल गावात आला, पण गोदामातून सुटला नाही. मंग काय आला? आमच्याकडे कांदे असेच सडत."

"काकाजी, भाषण तुम्हीच द्या!"

आता सुटका कशी होते? पुस्तकातलं उत्तर मोठं छान आहे. पॉलिमर आंबटपणा शोषत राहतो, पेशी आणखी ओतत राहते, मागोमाग क्षार आणि पाणी आत येतं, पिशवी फुगते आणि फुटते. मी लगेच म्हटलं, "लिंबात सोडा!"

"फसफसत नाही मावशी. पाणी भरते."

बरं बाई, पाणी.

पण घोडं तिथंच अडलं होतं. ती पेशींना गाठोड्याबरोबर चमकणारा हिरवा रंग पाजायची. रंग पिशव्यांतच अडकला तर ठिपके दिसतात, पिशव्या फुटल्या तर ठिपके जाऊन सारी पेशी हिरवी होते. हिच्या फोटोंत ठिपके जसेच्या तसे, आणि भोवती नुसती हिरवी झाक. म्हणजे पिशवी शाबूत, रंग थोडासा झिरपलेला. तिचे सर मात्र वर्षानुवर्षं 'फुटते' असंच शिकवत आलेले. शुक्रवारी विभागासमोर भाषण. पसंत पडलं तर प्रबंध लिहायची परवानगी, आणि ती मिळाली तरच हैदराबादच्या कंपनीने देऊ केलेली नोकरी.

"मंग म्हण ना फुटते," मी पोळी वाढत म्हटलं. "सारे म्हणतात, तुले काहून जड जाऊन राहिलं?"

"मले फुटताना दिसली नाही ना."

"कोण येऊन पाहणार आहे?"

"फोटो पडद्यावर मीच लावणार, मावशी. वर एक दिसते अन् खाली मी दुसरंच बोलते, असं कसं चालन?"

"हिचं नको ऐकू," हे म्हणाले. "हिले भाजी करपली तरी खमंग झाली म्हणायची सवय आहे."

शुक्रवारी मी गेलेच. शेवटच्या रांगेत बसले. भाषण इंग्रजीत, पण ठिपके आले तशी मी शेजारच्या मुलीला कोपर मारलं, "हे पाहा, आता!" एक पांढऱ्या केसांचे सर उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे पिशवी फुटत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

भाचीच्या सरांनी छताकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, म्हण गं फुटते, एकदाची म्हण आणि सुट.

"फुटताना एकही दिसली नाही, सर," ती मराठीतच म्हणाली. "झिरपते, एवढंच दाखवता येतं."

मग त्यांच्यात बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं, की पिशवीत आंबट ओतणारा पंपच औषधाने बंद करून सगळा प्रयोग पुन्हा करायचा. परवानगी त्यानंतर. तिने जिन्यातूनच हैदराबादला फोन लावला. बोलणं दोन मिनिटांतच आटोपलं.

ऑटोत बसल्यावर म्हणाली, "थांबता येणार नाही म्हणतात ते. दुसऱ्या कोणाले घेतील."

माझ्या डोक्यात तो पंपच सारखा घोळत होता, म्हणून विचारलंच, "पंप बंद केल्यावर काय होईन वं?"

"झिरपणं थांबलं तर आंबटपणाचंच काम. नाही थांबलं, तर बाकी काही असन."

"बाकी काय?"

"ते माहीत असतं तर आज सांगितलं नसतं का, मावशी!" ती जोरात म्हणाली, आणि मग स्वतःच हसायला लागली. नाक पुसलं, ऑटोवाल्याला म्हणाली, "भाऊ, परत घ्या. लॅबमधल्या पेशींचं पाणी बदलायचं राहिलं माझं, मरतील त्या."