खाऱ्या मातीचे ठोकळे

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. त्यामुळे रिटायर झाल्यावर बाबांनी कोपरखैरण्याच्या आमच्या बाल्कनीत राखेची गोणी आणून ठेवली, तेव्हा आईने कपाळाला हात लावला आणि मी गोणीत हात घातला. राख पिठीसारखी मऊ होती. बाबांनी जन्मभर तुर्भ्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. ही तिथलीच, कोळशाची.

"हिचं काय करणार?"

"घर," बाबा म्हणाले.

माती, सिमेंट आणि राख कालवायची, हाताच्या मशीनमध्ये दाबून ठोकळे काढायचे. भट्टी नको, जाळ नको. आमची शेती बंदराच्या प्रकल्पात गेली, तिथे आता कंटेनर उभे असतात. जासईजवळ खाडीच्या बाजूला एक तुकडा तेवढा उरला. त्यावर बाबांना दोन खोल्या बांधायच्या होत्या, त्याही त्याच मातीच्या. तयार ठोकळे एका फोनवर आले असते. पण "आपली माती भिंतीत तरी राहू दे," असं ते म्हणाले आणि मी मदतीला लागले.

पहिले ठोकळे देखणे निघाले. गोणपाट टाकून आम्ही रोज पाणी मारलं. वाळल्यावर मात्र त्यांच्यावर पांढरी पूड फुटली, कडा नखाने निघायला लागल्या. सिमेंट वाढवलं, राख कमी केली, तेच. मी सगळं वहीत टिपत होते आणि सांगायला लाज वाटते, पण मजा येत होती. बाबांचा चेहरा दिसला की ती ओसरायची.

एक दिवस आई डबा घेऊन जासईला आली. ती मिठागराच्या गावातली. तिने ढिगातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ हाय."

"हितं भात पिकत होता," बाबा म्हणाले.

"बांध होता तवा. बांध फुटून किती वर्सं झाली? भरतीचं पानी आत येतंय."

बाबांनीही चिमूट तोंडात टाकली, चघळली. "मला काय लागत नाय," ते हळूच म्हणाले.

घरी आई रोज विचारायची, मीठ बरोबर हाय का? बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे, बरोबर. एकदा ती मीठ घालायलाच विसरली, तरी बरोबर! मला वाटायचं, लक्ष नसतं. त्यांची चव कधीच गेली होती, हे आत्ता कळलं. कशाने गेली, हे विचारायचा धीर मलाही झाला नाही.

उपाय आईनेच सांगितला. तिच्या गावात खारं शेत जसं धुवायचे, तसं. माती पसरायची, भोवती वरंबा घालायचा, पावसाचं पाणी साठवायचं आणि सोडायचं. पावसाळाभर बाबा फावडं घेऊन तेच करत राहिले.

दसऱ्यानंतर माती सुकली. बाबांनी चिमूट आईपुढे धरली. तिने चाखली.

"मीठ?"

"नाय."

"खरं सांग."

"मी तुमच्यावानी खोटं नाय बोलत."

बाबा हसले, मग तिथेच ढिगावर बसले आणि डोळे पुसायला लागले. आईने पाठ फिरवून डबा उघडला.

नवे ठोकळे पांढरे पडले नाहीत. भिंती कमरेपर्यंत आल्यात. आई आता मिठाचं विचारत नाही. आधी स्वतः चाखते, मग त्यांना वाढते.