पद नसलेली चिठ्ठी

लग्नात व्हीआयपी कोण, हे कडुबाला कुणी सांगावं लागत नसे. पैठण रोडवरच्या मंगल कार्यालयांत तो पंधरा वर्षं माईकवर उभा होता. पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टेजवर यायच्या आणि हा आधी नावाखालचं पद बघायचा. सभापती, माजी सभापती, नाहीतर सभापतींचे बंधू. पद असलं की शाल, फेटा आणि पुढचा सोफा. नसलं की चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी. अक्षता मुठीत धरून वऱ्हाड घामाघूम झालं तरी याची स्वागतं संपत नसत.

त्या दिवशी एक चिठ्ठी खुद्द नवरीनं, प्रेरणानं, त्याच्या हातात दिली.

"काका, ती कोपऱ्यात बसलीय ना, ती आमची भामामावशी. आई गेल्यावर चितेगावच्या कंपनीत, कँटीनला पोळ्या लाटून हिनंच मला शिकवलं. तिचं नाव तेवढं घ्या. मी तिला सांगून ठेवलंय."

"व्हय ताई, घेतो की," म्हणत कडुबानं चिठ्ठी पाहिली. नुसतं नाव, खाली पद नाही. सवयीनं ती तळाशी गेली. तेवढ्यात आमदारांची गाडी आली आणि कडुबाला चेव चढला. चाळीस मिनिटं तो नावं घेत राहिला. मुहूर्त टळायला आला तसे भटजींनी डोळे वटारले आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

चिठ्ठी राहिल्याचं त्याला जेवताना आठवलं आणि तो ताटावरून उठला. माईक तर केव्हाच गाडीत गेला होता. लाज अशी वाटली की कुणाला न सांगता निघून जावं. पण दारातच भामाबाई उभी होती, नव्या लुगड्याचा पदर सावरत.

"भाऊ, माझं नाव घेतलं का हो? मला कमी ऐकू येतं. कान देऊन बसले व्हते, पर गलका लई व्हता."

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तिच्याकडं पाहून जीभ रेटेना.

"घेतलं की, मावशी. सगळ्यांच्या आधी."

म्हातारीचा चेहरा फुलला. "बघा! आन् पोरगी तिकडं रडायली, तुझं नाव राहिलं म्हणून. चला, तुमीच सांगा तिला."

तिनं त्याला हाताला धरून नवरीपुढं नेलं. कडुबाला मान वर करवेना. प्रेरणानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, डोळे पुसले आणि मावशीच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "व्हय मावशी, घेतलं होतं. माझंच ध्यान नव्हतं."